विंचवाचे बिऱ्हाड : लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या घराण्याचा शोध



गेल्या सत्रात सातवीच्या वर्गाला आपापल्या घराण्याचा वंशवृक्ष तयार करून आणायला सांगितला होता. बहुतेकांचा वृक्ष पणजोबांपाशी येऊन खुंटला. काहींच्या घरी कुलवृत्तान्ताचे जाड पुस्तक निघाले आणि त्यांचे काम सोपे झाले. काही मुलांपुढे मात्र वेगळीच अडचण उभी राहिली. आजीने सांगितलेली हकिगत आणि ट्रंकेतल्या जुन्या कागदांवरच्या नावा-तारखा जुळेनात. एका विद्यार्थिनीने आम्हांला सरळच विचारले, मग आजी खोटे सांगते का? तिला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. ते देण्यासाठी एका अमेरिकन आजीबाईंची गोष्ट सांगावी असे मनात आले, आणि ती एकटीलाच कशाला, सर्वांनाच सांगू या म्हणून हा लेख.

या आजीबाईंचे नाव लॉरा इंगल्स वाइल्डर. वयाच्या ६५ व्या वर्षी, १९३२ साली, त्यांचे ‘लिटल हाउस इन द बिग वूड्स’ हे मुलांसाठीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९४३ पर्यंत आणखी सात पुस्तके आली. बहुतेक पुस्तकांत त्यांचे स्वतःचेच बालपण आहे : आई-वडील, बहिणी, जॅक नावाचा कुत्रा, वडिलांचे फिडल आणि एका जागी न टिकणारे घर. अमेरिकेत ही पुस्तके घराघरांत वाचली गेली. त्यांवरची दूरदर्शन मालिका १९७४ ते १९८३ अशी नऊ वर्षे चालली. साहजिकच वाचकांना वाटू लागले, की हे सगळे अगदी जसेच्या तसे घडले असणार. मग कोणी जनगणनेची पाने काढली, कोणी जमिनीचे दप्तर उघडले, कोणी दफनभूमीतल्या शिळा वाचल्या. त्या शोधात काय सापडले, ते आता पाहू.

आधी मुळे. लॉराच्या वडिलांचे नाव चार्ल्स इंगल्स. त्यांचा मूळपुरुष एडमंड इंगल्स इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातून समुद्र ओलांडून आला आणि १६२९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या लिन या गावी त्याने वस्ती केली. (आपल्याकडे त्या वेळी शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता.) या एडमंडची एक नात मार्था कॅरिअर. सेलम इथे १६९२ साली चेटकिणी म्हणून ज्या निरपराध माणसांना फासावर चढवले गेले, त्यांत ती होती. पुढच्या पिढ्यांत घराण्याचा संबंध डेलानो कुळाशी आला. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट त्याच कुळाच्या दुसऱ्या फांदीवरचे. गंमत अशी, की लॉराबाई आणि त्यांची मुलगी या दोघींना रूझवेल्ट यांचे राजकारण मुळीच पसंत नव्हते. वंशवृक्ष असा असतो, पटो न पटो, नाते काही पुसता येत नाही.

आई कॅरोलाइन क्वाइनर. त्यांचे वडील १८४५ साली मिशिगन सरोवरात जहाज बुडून गेले, तेव्हा कॅरोलाइन सहा वर्षांच्याही नव्हत्या. आईने मुलांना घेऊन विस्कॉन्सिनमध्ये जमीन कसली आणि काही वर्षांनी फ्रेडरिक होलब्रुक नावाच्या शेतकऱ्याशी पुन्हा लग्न केले. थोरला भाऊ जोसेफ अमेरिकेच्या यादवी युद्धात, शायलोच्या लढाईत जखमी होऊन १८६२ साली गेला. इंगल्स आणि क्वाइनर ही दोन्ही कुटुंबे शेजारी होती आणि त्यांच्यात चक्क साटेलोटे झाले. हेन्री क्वाइनर यांनी चार्ल्सची बहीण पॉली हिच्याशी लग्न केले, चार्ल्स यांनी हेन्रीची बहीण कॅरोलाइन हिच्याशी आणि चार्ल्सचे भाऊ पीटर यांनी कॅरोलाइनची धाकटी बहीण एलायझा हिच्याशी. दोन घरांत तीन लग्ने! पुस्तकांत जे काका-मामा आणि चुलत-मामे भावंडे येतात, ती कोण कोणाची हे कळायला हा तक्ता हाताशी लागतो.

आता खुद्द लॉरा. तिचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यात पेपिन गावापासून सुमारे सात मैलांवर, ओंडक्यांच्या घरात झाला. थोरली बहीण मेरी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. पहिल्या पुस्तकात हेच घर आहे. चार-पाच वर्षांची लॉरा, तिच्याहून मोठी मेरी आणि पाळण्यातली कॅरी. दुसऱ्या कुटुंबकथेत, ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’मध्ये, हे सगळे झाकलेल्या घोडागाडीत बसून कॅन्ससच्या गवताळ माळावर जातात.

कागद मात्र वेगळे सांगतात. घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर आई मुलांचे जन्म लिहून ठेवीत असे. तिथे कॅरीचा जन्म ३ ऑगस्ट १८७० असा आहे आणि ठिकाण आहे कॅन्ससमधला माँटगोमेरी परगणा! म्हणजे कुटुंब कॅन्ससला गेले तेव्हा कॅरी जन्मलेलीच नव्हती आणि लॉरा जेमतेम अडीच वर्षांची होती. तिथून परत विस्कॉन्सिनला आल्यावरचे दिवस हे पहिल्या पुस्तकाचे खरे दिवस. लॉराबाईंनी क्रम उलटा केला, कारण पहिले पुस्तक आधीच छापून झाले होते आणि त्यात कॅरी होती. मग अडीच ते चार वर्षांच्या मुलीला गाडीचा प्रवास, लांडग्यांचा वेढा, विहिरीत उतरलेला शेजारी हे सगळे कसे आठवले? ते तिला आठवत नव्हते, तिने ते ऐकले होते. संध्याकाळी फिडल खाली ठेवल्यावर वडिलांनी सांगितलेल्या गोष्टी पुढे तिच्या स्वतःच्या आठवणी झाल्या. आपल्याही घरोघरी असेच होते. आपल्या बारशाचा गोंधळ आपण इतक्यांदा ऐकलेला असतो, की तो आपल्याला दिसू लागतो.

कॅन्ससचे हे घर नेमके कुठे होते? लॉराबाईंची समजूत अशी होती, की इंडिपेन्डन्स या गावापासून ते चाळीस मैलांवर होते. पुस्तक लिहिण्याच्या दिवसांत त्या आणि त्यांची मुलगी रोझ मोटारीने जागा शोधायला निघाल्या. चाळीस मैल दक्षिणेला गेल्यामुळे कॅन्ससची हद्द ओलांडून त्या ओक्लाहोमात जाऊन पोहोचल्या. घर अर्थातच मिळाले नाही. लॉराबाई गेल्यानंतर काही वर्षांनी एका स्थानिक अभ्यासक बाईंनी १८७० च्या जनगणनेचे पान काढले. रटलंड नावाच्या विभागात इंगल्स कुटुंबाची नोंद होती आणि तिच्या मागे-पुढे शेजाऱ्यांच्या नोंदी होत्या. त्या शेजाऱ्यांनी पुढे कोणत्या जमिनी आपल्या नावावर केल्या, ते जमीन दप्तरात मिळाले. शेजारी नक्की झाले म्हणजे मधली रिकामी जागा कोणाची हे कळतेच. ती जागा निघाली इंडिपेन्डन्सपासून तेरा मैलांवर! घर सापडत नसेल तर शेजार शोधावा, ही युक्ती सातवीच्या मुलांनी टिपून ठेवावी.

त्याच शेजारात आणखी एक माणूस निघाला. पुस्तकात सगळे कुटुंब हिवतापाने अंथरुणाला खिळते. डास हे कारण तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, शेजारीणबाई दोष देतात ओढ्याकाठच्या कलिंगडांना! अशा वेळी एक कृष्णवर्णीय डॉक्टर येऊन औषध देतो आणि सगळ्यांना वाचवतो. पुष्कळ वाचकांना हे पात्र कल्पित वाटले होते. पण जनगणनेत डॉक्टर जॉर्ज टॅन यांचे नाव इंगल्सांच्या शेजारातच आहे. ते १९०९ साली वारले आणि त्यांची कबर इंडिपेन्डन्सच्या दफनभूमीत आहे. गुलामगिरी कायद्याने संपून पाच वर्षेही झाली नव्हती, त्या काळात गोऱ्या वस्तीत एक कृष्णवर्णीय डॉक्टर घरोघर फिरत होता, हे पुस्तकात वाचून खरे वाटले नसते. इथे आजी बरोबर होती.

पण जनगणनेच्या त्याच पानावर दुसरीही एक गोष्ट आहे. प्रत्येक कुटुंबाच्या नावासमोर जमिनीची किंमत लिहायचा रकाना असतो. त्या विभागात तो रिकामा आहे. कारण जमीन त्यांची नव्हतीच. ती ओसेज या मूळ रहिवासी लोकांची होती, करारान्वये त्यांच्यासाठी राखलेली. चार्ल्स आणि त्यांच्यासारखे शेकडो लोक तिथे परवानगीवाचून घरे बांधून राहिले होते. ओसेज लोक शिकारीला गेले की त्यांच्या मुलखात आणखी काही झोपड्या उठत. शेवटी १८७० साली ओसेज लोकांना ती जमीन विकून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, जावे लागले. पुस्तकाच्या शेवटी ओसेजांची लांबच लांब रांग घरासमोरून जाते आणि छोटी लॉरा दारात उभी राहून पाहते. ते वर्णन विसरता येत नाही. मात्र ते निघून का गेले, हे वाचकाला नीट कळत नाही.

पुस्तक सांगते, की सरकारी सैन्य वसाहतवाल्यांना हुसकायला येणार म्हणून वडिलांनी घर सोडले. प्रत्यक्षात जमीन सरकारने विकत घेतल्यावर वसाहतवाल्यांना ती मिळण्याची वाट मोकळी झाली होती. अभ्यासकांना सापडलेले कारण साधे आहे. विस्कॉन्सिनचे घर ज्याला विकले होते, त्याला हप्ते देणे जमले नाही, त्यामुळे ते घर परत पदरात पडले आणि १८७१ च्या वसंतात इंगल्स मंडळी माघारी फिरली. आमचे मत विचाराल तर इथे आजीने, किंवा आजीच्या वडिलांनी, गोष्ट थोडी आपल्या बाजूने वळवली आहे. हुसकावले गेलो असे सांगणे सोपे असते, दुसऱ्याच्या जमिनीवर बसलो होतो हे सांगणे अवघड.

लॉराबाईंच्या हयातीतच एका वाचकाने प्रकाशकाला पत्र लिहिले होते. त्या मुलखात माणसे नव्हती, फक्त इंडियन होते, अशा अर्थाचे एक वाक्य पुस्तकात होते. म्हणजे इंडियन माणसे नव्हेत का, असा त्या पत्राचा आशय. वाक्य खटकण्यासारखे आहे हे लॉराबाईंनी मान्य केले आणि १९५३ च्या आवृत्तीत शब्द बदलला. पुढे २०१८ साली अमेरिकेतल्या बालग्रंथपालांच्या संघटनेने, त्यांच्या नावाने दिला जाणारा आणि १९५४ साली पहिल्यांदा त्यांनाच दिलेला पुरस्कार नाव बदलून चालू ठेवला. पुस्तके बंद झाली नाहीत, ती आजही वाचली जातात. मुलांसोबत वाचताना पालकांनी त्या रिकाम्या रकान्याची गोष्टही सांगावी, एवढे आम्हांला वाटते.

कॅन्ससनंतर विस्कॉन्सिन, आणि १८७४ मध्ये मिनेसोटा राज्यातले वॉलनट ग्रोव्ह. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच! तिथे ओढ्याच्या काठात खणलेल्या, मातीच्या छपराच्या घरात ते राहिले. गहू कापणीला आला आणि टोळधाड आली. पुस्तकातले हे प्रकरण वाचताना अंगावर काटा येतो, आणि ते तंतोतंत खरे आहे. १८७३ पासून चार-पाच वर्षे टोळांनी तो सगळा भाग उजाड केला होता. (तो टोळ पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी नामशेषच झाला. सूर्य झाकून टाकणारे किडे समूळ नाहीसे होतात, हेही निसर्गातले एक नवलच.) पुस्तकातले वडील काम शोधायला दूरच्या गावी पायी जातात आणि कोणापुढे हात पसरत नाहीत. परगण्याच्या दप्तरात मात्र १८७५ सालचा एक कागद आहे. आपल्याजवळ निर्वाहाचे काहीही साधन उरलेले नाही असे शपथेवर लिहून चार्ल्स इंगल्स यांनी सही केली आहे, तेव्हा कुठे त्यांना दोन अर्धी पिंपे पीठ मिळाले. त्याच महिन्यात त्यांच्या घरी मुलगा झाला होता.

हा मुलगा एकाही पुस्तकात नाही. चार्ल्स फ्रेडरिक त्याचे नाव. मधले नाव बहुधा आईच्या सावत्र वडिलांवरून ठेवले असावे. घरात सगळे त्याला फ्रेडी म्हणत. जन्म १ नोव्हेंबर १८७५. तीन बहिणींच्या पाठीवर झालेला भाऊ. टोळांना कंटाळून कुटुंब पुन्हा निघाले आणि वाटेत पीटरकाकांच्या शेतावर काही दिवस थांबले. तिथे तो आजारी पडला आणि २७ ऑगस्ट १८७६ रोजी गेला. नऊ महिन्यांचा होता. आई कॅरोलाइन पुढे अठ्ठेचाळीस वर्षे जगल्या, आणि फ्रेडी असता तर सगळे निराळे झाले असते असे त्यांना म्हातारपणीही वाटत राहिले.

तिथून पुढची वाट आयोवा राज्यातल्या बर ओक गावाकडे गेली. हेही गाव पुस्तकांत नाही. कथामालिकेतली दोन वर्षे नाहीशीच झाली आहेत. तिथे आई-वडील एका खाणावळवजा हॉटेलात काम करीत. शेजारी दारूचे दुकान होते आणि हॉटेलच्या दारात बंदुकीच्या गोळ्यांची भोके होती. नऊ-दहा वर्षांची लॉरा ताटे विसळी, वाढायला मदत करी. धाकटी बहीण ग्रेस तिथेच, २३ मे १८७७ रोजी जन्मली. गावातल्या एका डॉक्टरच्या पत्नीने एके दिवशी येऊन आईला विचारले, की लॉराला आम्हांला द्या, मुलीसारखी सांभाळू. आपल्या मुली मोठ्या होऊन गेल्या, घर रिकामे वाटते, असे ती म्हणाली. आईने हसून नकार दिला. आईचा विचार फिरला असता तर? घरात खाणारी तोंडे चार, मुलगा नुकताच गेलेला, कर्ज डोक्यावर. अशा वेळी होकार देणाऱ्या आया जगात कमी नाहीत. मग इंगल्स घराण्याच्या वंशवृक्षात लॉरा हे नाव उरले असते आणि पुस्तके मात्र राहिली नसती.

बर ओकहून ते निघाले तेही रात्रीच्या अंधारात. घरमालकाचे भाडे थकले होते, तो थांबायला तयार नव्हता आणि घोडे जप्त करीन म्हणत होता. म्हणून सामान गाडीत घालून, मुलींना झोपेतून उठवून, उजाडायच्या आत परगण्याची हद्द ओलांडली. पुस्तकांतले वडील असे करूच शकत नाहीत. खऱ्या वडिलांना ते करावे लागले.

मग हे सगळे बाहेर कसे आले? कोणा शत्रूने उकरून काढले का? मुळीच नाही. बर ओकची हकिगत लॉराबाईंनीच लिहून ठेवली होती! मुलांसाठीची पुस्तके लिहिण्याआधी, १९३० साली, त्यांनी ‘पायोनिअर गर्ल’ या नावाने आपले सगळे पूर्वायुष्य शिसपेन्सिलीने वह्यांत उतरवले होते, मोठ्या वाचकांसाठी. त्यात फ्रेडी होता, बर ओक होते, थकलेले भाडे होते. प्रकाशकांनी ते नाकारले. तेव्हा कन्या रोझ, जी स्वतः नावाजलेली लेखिका होती, तिने त्यातला लहानपणीचा भाग मुलांसाठी वेगळा काढायचे सुचवले आणि आई-लेकीचे काम सुरू झाले. लिहायची आई, कापायची आणि सांधायची लेक. दोघींची पत्रे उरली आहेत, त्यांत कडाक्याचे वादही आहेत. काही अभ्यासक पुस्तकांचे श्रेय रोझला देतात. हस्तलिखितांवरून पाहता गोष्टी आणि आवाज आईचा, घडण दोघींची, असे आम्हांला वाटते. मूळ ‘पायोनिअर गर्ल’ ८४ वर्षांनी, २०१४ साली, भरपूर टिपांसह छापले गेले आणि पहिली आवृत्ती हां हां म्हणता संपली.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार आवडली. लॉराबाई स्वतःही वंशशोधक होत्या. आई १९२४ साली गेल्यावर त्यांच्या लक्षात आले, की आता विचारायला घरात कोणी उरले नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी आईची थोरली बहीण मार्थामावशी हिला पत्र घातले : तुमच्या लहानपणी काय खात होता, कसे राहत होता, ते सगळे लिहून पाठव. ऐंशीच्या घरातल्या मावशीने लांबलचक उत्तर धाडले. दोन वर्षांत मावशीही गेली. ते एक पत्र तेव्हा घातले नसते, तर क्वाइनर घराच्या पुष्कळ गोष्टी तिच्याबरोबरच गेल्या असत्या.

पुढचे चरित्र थोडक्यात. वॉलनट ग्रोव्हला परतल्यावर १८७९ मध्ये चौदा वर्षांच्या मेरीची दृष्टी गेली. पुस्तकात कारण लाल ज्वर दिले आहे. २०१३ साली डॉक्टरांनी जुनी पत्रे आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्या तपासून मेंदू व त्याच्या आवरणांचा विषाणुजन्य दाह असावा असा निष्कर्ष मांडला. त्यानंतर लॉरा मेरीचे डोळे झाली. दिसेल ते शब्दांत सांगायची सवय तिला तिथेच लागली. मेरी पुढे आयोवातल्या अंधशाळेत शिकून १८८९ साली पदवी घेऊन बाहेर पडली. कुटुंब डाकोटात डी स्मेट गावी आले. तिथे चार्ल्स यांनी १८६२ च्या कायद्यान्वये १६० एकर जमिनीवर हक्क सांगितला, आणि या वेळी तो कागद पक्का होता. १८८०-८१ च्या भयंकर हिवाळ्यात जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत गावात आगगाडी आली नाही. गवताच्या पेंढ्या पिळून जाळल्या, कॉफी दळायच्या हातगिरणीत गहू दळला. ‘द लाँग विंटर’ या पुस्तकातले हे वर्णन त्या काळच्या बातम्यांशी आणि हवामानाच्या नोंदींशी जुळते. फक्त एक जोडपे आणि त्यांचे तान्हे मूल सगळा हिवाळा इंगल्सांच्याच घरात राहिले होते, ते पुस्तकातून गायब आहेत. कामाला हात न लावणारे पाहुणे होते म्हणे! लॉराबाईंनी लेखणीने त्यांना घराबाहेर काढले.

लॉरा शिक्षिका झाली, आणि २५ ऑगस्ट १८८५ रोजी ॲल्मॅन्झो वाइल्डर यांच्याशी तिचे लग्न झाले. ते दहा वर्षांनी मोठे होते. पुस्तकात हे अंतर बरेच कमी केलेले आहे. डिसेंबर १८८६ मध्ये रोझ झाली. मग घटसर्प, पतीच्या पायांतली कायमची अशक्तता, दुष्काळ. १८८९ च्या उन्हाळ्यात झालेला मुलगा नाव ठेवण्याआधीच गेला आणि त्याच ऑगस्टमध्ये घर जळाले. १८९४ साली घोडागाडीतून ते मिसुरी राज्यातल्या मॅन्सफील्डला आले, आणि तिथे मात्र बिऱ्हाड पाठीवरून उतरले ते कायमचे. लॉराबाई तिथेच १० फेब्रुवारी १९५७ रोजी, नव्वद वर्षे पूर्ण करून वारल्या.

वंशवृक्ष आता खालून पाहा. मेरीने लग्न केले नाही. कॅरीने सावत्र मुले वाढवली, त्यांतला हॅरल्ड माउंट रशमोरच्या डोंगरातली अध्यक्षांची शिल्पे कोरण्याच्या कामावर होता. ग्रेसला मूल नव्हते. रोझचा एकुलता मुलगा जन्मतःच गेला, आणि १९६८ साली रोझ गेल्यावर चार्ल्स आणि कॅरोलाइन यांचा वंश संपला. ज्या घराण्याचा माग लाखो लोकांनी काढला, त्यांत त्या दोघांचे रक्ताचे वारस कोणीही नाही.

डी स्मेटच्या दफनभूमीत चार्ल्स, कॅरोलाइन, मेरी, कॅरी आणि ग्रेस जवळजवळ निजले आहेत. लॉराबाईंचे बिननावाचे बाळही त्याच दफनभूमीत आहे. लॉरा, ॲल्मॅन्झो आणि रोझ मॅन्सफील्डला आहेत. फ्रेडीला मिनेसोटात पीटरकाकांच्या शेताच्या आसपास कुठेतरी पुरले होते. शोधणाऱ्यांनी शेजारपाजारचे सगळे कागद पाहिले, पण ती जागा अजून सापडलेली नाही.